एल्मर कीथ : सहाबारी रिव्हॉल्व्हरला बळ देणारा गुराखी

४ जुलै १९२५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातील एका रँचवर सव्वीस वर्षांचा एक तरुण घराच्या वरच्या सज्जात उभा राहून आपल्या रिव्हॉल्व्हरचे बार काढीत होता. सण साजरा करण्याची त्या मुलखातील ती जुनी रीत होती. रिव्हॉल्व्हर कोल्ट कंपनीचे, .४५ मापाचे होते आणि त्यातील काडतुसे त्या तरुणाने स्वतः भरलेली होती. एका बाराचा आवाज कानठळ्या बसविणारा झाला. धूर विरल्यावर त्याने हातातील शस्त्राकडे पाहिले, तेव्हा काडतुसे बसविण्याच्या फिरत्या चक्राचा वरचा भाग आणि त्यावरील पोलादी पट्टी जागेवर नव्हती. सुदैवाने त्याचा हात आणि डोळे शाबूत राहिले.

त्या तरुणाचे नाव एल्मर कीथ. हाताने धरून झाडण्याच्या शस्त्राने मोठ्या जनावराची शिकार करता येईल एवढी शक्ती रिव्हॉल्व्हरमध्ये आणण्याच्या प्रयत्नांचा इतिहास लिहिताना त्यांचे नाव वगळता येत नाही. १९३५ मधील .३५७ मॅग्नम, १९५५ च्या अखेरीस आलेले .४४ मॅग्नम आणि १९६४ मधील .४१ मॅग्नम या तिन्ही काडतुसांच्या जन्मामागे त्यांचा हात होता. ते अभियंता नव्हते, त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती आणि कोणत्याही कारखान्यात ते नोकरीस नव्हते. एक साधा तराजू, शिसे ओतण्याचा साचा, हाताने चालवायचे यंत्र आणि घरासमोरचा डोंगरउतार एवढीच त्यांची साधने होती. पुढची तीस वर्षे त्यांनी ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, त्याची सुरुवात मात्र त्या फुटलेल्या रिव्हॉल्व्हरपासून झाली. पोलाद नेमके किती दाब सोसते आणि आपण त्याच्या किती जवळ जाऊ शकतो, हा तो प्रश्न होता.

जळालेला हात

एल्मर मेरिफिल्ड कीथ यांचा जन्म ८ मार्च १८९९ रोजी मिसुरी राज्यातील हार्डिन येथे झाला. कुटुंब पुढे पश्चिमेकडे सरकत मोंटाना राज्यात गेले. तेथील मिझुला शहरात ते उतरले होते त्या इमारतीला लागलेल्या आगीत लहानगा एल्मर गंभीररीत्या भाजला. तो वाचेल याचीच खात्री नव्हती. तो वाचला, पण डावा हात आखडून वाकडा झाला. पुढे त्याने घरच्यांकडे हट्ट धरला आणि त्याच्या आग्रहावरून तो हात बळाने मोडून पुन्हा सरळ बसविण्यात आला. त्या वेदनेनंतर हाताचा उपयोग बऱ्याच अंशी परत आला. याच हाताने त्यांनी पुढे लगाम धरले, रानटी घोडे माणसाळवले, रोडिओच्या रिंगणात भाग घेतला आणि हजारो काडतुसे भरली.

मोंटानातील हेलेना परिसरात त्यांचे शिक्षण झाले, पण ते शाळेपेक्षा शाळेबाहेर अधिक झाले. अमेरिकेचे यादवी युद्ध लढलेले वृद्ध सैनिक आणि रानरेड्यांचे कळप संपविणारे जुने शिकारी तेव्हा त्या भागात हयात होते. त्यांच्या अंगणात बसून या मुलाने शस्त्रांची पहिली बाराखडी गिरवली. सुरुवातीला त्याच्या हाती आलेल्या शस्त्रांत १८५१ च्या नमुन्याचे कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हर होते. त्यात तयार काडतूस बसत नसे. चक्राच्या प्रत्येक खणात बंदुकीची दारू मोजून ओतायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची आणि मागे ठिणगीची टोपी चढवायची, असा तो प्रकार होता. दारू कमी पडली तर गोळी पोचत नसे. गोळी नीट दाबली गेली नाही तर नेम चुके. शस्त्र विकत मिळते, पण त्याचा बार आपला आपण घडवावा लागतो, ही समज त्या मुलाला लहानपणीच आली.

भरणीचे गणित

तयार काडतुसांचे युग आल्यावरही ही कला संपली नाही. काडतुसाचे भाग चार असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारी ठिणगीची टोपी म्हणजे प्रायमर, आतील दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. बार उडाल्यावर टोपी, दारू आणि गोळी खर्ची पडतात, पुंगळी मात्र उरते. काडतुसाच्या किमतीचा मोठा वाटा त्या पुंगळीत असतो. वापरलेली टोपी काढायची, दाबाने फुगलेली पुंगळी मूळ मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, गोळी बसवून पुंगळीचे तोंड तिच्याभोवती आवळायचे, की काडतूस पुन्हा तयार होते. गुराख्याच्या तुटपुंज्या कमाईत भरपूर सराव करायचा तर याखेरीज मार्ग नव्हता.

काटकसर हे हाताने काडतुसे भरण्याचे एक कारण झाले. दुसरे कारण असे की कारखान्याचे काडतूस सर्वांसाठी असते. त्या मापाचे जितके जुने आणि कमकुवत रिव्हॉल्व्हर लोकांच्या पेट्यांत पडून असतील, त्यांतील सर्वांत अशक्तालाही ते सोसवले पाहिजे. त्यामुळे कंपन्या दारू हात राखून भरत. आपले शस्त्र मजबूत आहे हे जाणणारा माणूस स्वतःच्या जबाबदारीवर त्याहून पुढे जाऊ शके. धोकाही नेमका येथेच होता. दारू ग्रेन या मापाने तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, बोटाच्या चिमटीतही जाणवणार नाही इतके वजन. रिव्हॉल्व्हरच्या लहानशा पुंगळीत दोन-तीन ग्रेनची चूक आतील दाब कुठल्या कुठे नेऊ शकते.

१९२५ च्या त्या दिवशी कीथ यांनी .४५ च्या पुंगळीत रायफलसाठी ओतलेल्या जड गोळ्या बसविल्या होत्या आणि काळी दारू अधिक बारीक कुटून भरली होती. कण जितका बारीक, तितकी ती झपाट्याने जळते. गोळी जितकी जड, तितकी ती जागेवरून सावकाश हलते. वायू निर्माण होण्याचा वेग वाढला आणि त्याला वाट मोकळी होण्याचा वेग घटला. राहिलेला हिशेब पोलादाने चुकता केला.

कीथ यांनी त्या अपघाताचा अर्थ शांतपणे लावला. कोल्टच्या त्या रिव्हॉल्व्हरचे चक्र बाहेरून ठरावीक आकाराचे होते. त्यात .४५ ची जाड काडतुसे बसवायची तर खणांच्या भिंती पातळ ठेवाव्या लागत. त्याच आकाराच्या चक्रात .४४ स्पेशल हे काडतूस बसविले तर त्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक कमी असल्याने तेवढे पोलाद भिंतींच्या वाट्याला उरते. सहा खण एकमेकांना खेटून असलेल्या चक्रात ही बचत मोठी ठरते. .४४ स्पेशल हे काडतूस विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आले होते आणि नेमबाजीतील अचूकतेसाठी नावाजले गेले होते. कारखाना त्यात भरीत असलेली दारू मात्र बेताची होती. कीथ यांनी .४५ चा नाद सोडला आणि ते .४४ कडे वळले.

सपाट नाकाची गोळी

१९२६ मध्ये लॉरेन रँडल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑरेगन राज्यातील डर्की येथील रँचवर संसार थाटला गेला. गुरे, घोडे आणि गवताची कापणी यांतून उरलेला वेळ कीथ गोळ्या ओतण्यात आणि त्या झाडून पाहण्यात घालवीत. नुसती दारू वाढवून भागणार नाही, गोळीचा आकारही बदलला पाहिजे, असे त्यांच्या ध्यानात आले होते. त्या काळी रिव्हॉल्व्हरच्या बहुतेक गोळ्यांचे टोक गोल असे. गोल टोकाची गोळी मांस बाजूला सारीत निघून जाते, अरुंद जखम करते आणि जनावर जखमी अवस्थेत मैलोगणती पळते.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी स्वतःच्या कल्पनेची गोळी आखली. तिचे नाक रुंद आणि सपाट होते. नाकाच्या मागे तीक्ष्ण काठाची खांदपट्टी होती. ती कापीत जाई, ढकलीत नसे. गोळीच्या अंगावर तीन रुंद पट्ट्या होत्या, त्यामुळे नळीतील आट्यांवर तिची पकड घट्ट बसे. वंगणासाठी खोल चौकोनी खाच होती आणि पुंगळीचे तोंड आवळण्यासाठी वेगळी तिरकी खाच. बूड सपाट होते. लायमन कंपनीने या आराखड्यावरून साचा तयार केला. त्याचा ४२९४२१ हा क्रमांक काडतुसे भरणाऱ्यांना आजही तोंडपाठ असतो. गोळीचे वजन सुमारे २५० ग्रेन, म्हणजे १६ ग्रॅमच्या आसपास. जोरदार भरणीसाठी कीथ सोळा भाग शिशात एक भाग कथील मिसळीत. शिसे मऊ राहिले तर वेगामुळे ते नळीत खरवडून बसते आणि अति कठीण केले तर गोळी ठिसूळ होते, हा अनुभव त्या प्रमाणामागे होता.

१९२८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील हॅरॉल्ड क्रॉफ्ट हे हौशी नेमबाज एवढा लांबचा प्रवास करून डर्कीला आले. रिव्हॉल्व्हरने शेकडो वारांवरचे लक्ष्य टिपता येते, हे कीथ यांचे लिखाणातील म्हणणे त्यांना पटलेले नव्हते. त्यांनी सोबत स्वतः सुधारून घेतलेली रिव्हॉल्व्हरे आणली होती. रँचवरच्या मुक्कामात त्यांनी कीथ यांची नेमबाजी डोळ्यांनी पाहिली आणि शंका घेऊन आलेला पाहुणा सहकारी होऊन परतला. दोघांच्या कल्पनांमधून .४४ स्पेशलचे एक खास रिव्हॉल्व्हर तयार झाले. त्याची मूठ कोल्टच्या दोन वेगवेगळ्या नमुन्यांचे भाग जुळवून घडविली होती आणि दृष्टी जुळविण्याची खूण वरखाली करता येत होती. १९२९ मध्ये ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकात कीथ यांनी त्याची ओळख करून दिली. पाच क्रमांकाचे रिव्हॉल्व्हर म्हणून ते शस्त्रप्रेमींमध्ये प्रसिद्ध झाले.

तीस वर्षांचा पाठपुरावा

१९३० च्या दशकात रिव्हॉल्व्हरसाठी योग्य अशी, तुलनेने सावकाश जळणारी नवी दारू हर्क्युलीस कंपनीने बाजारात आणली. दाब एकदम उसळू न देता गोळीला नळीच्या टोकापर्यंत ढकलीत नेण्याचा तिचा गुण कीथ यांच्या कामी आला. याच सुमारास स्मिथ अँड वेसन कंपनीने .३८ मापाचे, पण जड सांगाड्याचे रिव्हॉल्व्हर काढले होते. कीथ, बंदूकतज्ज्ञ फिलिप शार्प आणि कंपनीचे डग्लस वेसन यांच्या प्रयोगांतून १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम जन्माला आले. जुन्या, कमकुवत .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये हे काडतूस चुकूनही बसू नये म्हणून त्याची पुंगळी सुमारे एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरच्या थोडी वर, लांब ठेवण्यात आली.

कीथ यांचे समाधान झाले नाही. एल्क किंवा अस्वल यांसारख्या मोठ्या जनावरासाठी व्यास आणि वजन दोन्ही हवेत, केवळ वेग पुरणार नाही, असे त्यांचे मत होते. आयडाहो राज्यातील सॅल्मन नदीच्या खोऱ्यात स्थायिक झाल्यावर डोंगरांतून वाटाड्याचे काम करताना त्यांनी कित्येक जखमी जनावरांचा माग काढला होता. पहिल्या गोळीतच जनावर कोसळावे, ते तडफडत रानात जाऊ नये, हा त्यांच्या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची परंपरा मोडीत निघाली. अमेरिकेच्या पश्चिम भागात मात्र हरीण आणि एल्क यांची परवान्यावर, ठरावीक मोसमात होणारी शिकार लोकजीवनाचा आणि अनेक घरांत अन्नाचाही भाग राहिली. तेथे जखमी जनावर सोडून देणे हा शिकाऱ्याला लागणारा मोठा बट्टा मानला जातो.

१९३६ मध्ये रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युटा राज्यातील ऑग्डेन येथील सरकारी शस्त्रागारात त्यांनी निरीक्षक म्हणून काम केले. दुरुस्त होऊन बाहेर पडणाऱ्या शस्त्रांवर त्यांच्या आद्याक्षरांचा शिक्का उमटे. ऑग्डेनची दोन आणि त्यांची दोन अशी ती चार अक्षरे आज संग्राहक शोधीत असतात. युद्ध संपल्यावर जुना विषय पुन्हा सुरू झाला. लेखांतून, पत्रांतून आणि प्रत्यक्ष भेटींतून त्यांची मागणी एकच होती. .४४ स्पेशलमध्ये आपण वर्षानुवर्षे हाताने भरीत आलो ती जोरदार भरणी कारखान्याने तयार काडतुसात द्यावी आणि तिला सोसेल असे रिव्हॉल्व्हर घडवावे. २५० ग्रेनची गोळी सेकंदाला १२०० फूट, म्हणजे सुमारे ३६५ मीटर वेगाने सुटावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

कंपन्यांचा नकार अवास्तव नव्हता. देशभर .४४ स्पेशलची जुनी रिव्हॉल्व्हरे विखुरलेली होती. नवे काडतूस त्यांपैकी एखाद्यात शिरले तर १९२५ च्या प्रसंगाची पुनरावृत्ती होणार आणि जबाबदारी कारखान्यावर येणार. उपाय .३५७ च्या वेळी सापडलेलाच होता. पुंगळी एक अष्टमांश इंच लांब करायची, म्हणजे ती जुन्या खणात पूर्ण बसणारच नाही. अखेरीस स्मिथ अँड वेसनचे अध्यक्ष कार्ल हेलस्ट्रॉम रिव्हॉल्व्हर बनविण्यास आणि रेमिंग्टन कंपनी काडतूस बनविण्यास राजी झाली. १९५५ च्या अखेरीस पहिली रिव्हॉल्व्हरे तयार झाली. त्यांतील अगदी सुरुवातीचे एक १९५६ च्या आरंभी सॅल्मनला कीथ यांच्या हाती पडले.

मागितल्यापेक्षा अधिक

रेमिंग्टनने दिलेले काडतूस त्यांच्या मागणीच्या पुढे गेले होते. गोळी थोडी हलकी, २४० ग्रेनची होती, पण तिचा वेग सेकंदाला सुमारे ४५० मीटर सांगितला जात होता. तोवर जगातील कोणत्याही कारखान्याने रिव्हॉल्व्हरसाठी एवढ्या ताकदीचे काडतूस नियमित विक्रीसाठी काढलेले नव्हते. सुमारे १.३ किलो वजनाच्या शस्त्रातून एवढा बार निघाल्यावर मागे येणारा धक्का मनगट वर फेकी. नव्या रिव्हॉल्व्हरची चाचणी घेणाऱ्यांमध्ये मेजर जनरल ज्युलियन हॅचर हेही होते. लष्करी शस्त्रांचा प्रदीर्घ अनुभव असलेल्या या अधिकाऱ्यानेही धक्का तीव्र असल्याचे नोंदविले. कीथ यांना तो सोसण्याजोगा वाटला. आयुष्यभर जड भरणी झाडलेल्या माणसाचे ते मत होते. अनेक ग्राहकांनी मात्र रिव्हॉल्व्हर घेतले, मोजके बार काढले आणि ते पेटीत ठेवून दिले.

अशा शस्त्राची सवय लावण्याचा कीथ यांचा मार्ग पुन्हा हाताने भरलेल्या काडतुसांतूनच जात होता. बेताची दारू भरून आरंभ करायचा, हात आणि डोळा तयार झाला की टप्प्याटप्प्याने वाढवायची, पुंगळीवर आणि टोपीवर दाबाच्या खुणा दिसू लागल्या की थांबायचे. पुंगळी खणातून सहज निघते की ठोकून काढावी लागते, टोपी सपाट झाली आहे काय, या बारीकसारीक गोष्टी त्यांच्यासाठी दाब मोजणाऱ्या यंत्राच्या जागी होत्या. त्या खुणा ढोबळ होत्या आणि त्यांच्यावर विसंबून त्यांनी छापलेल्या काही जुन्या भरणी आजच्या मोजमापांनी पाहिल्या तर मर्यादेच्या काठावरच्या आहेत. म्हणूनच आजची भरणी-पुस्तके दाब यंत्राने मोजून मर्यादा छापतात आणि जुन्या पुस्तकातील आकडा जसाच्या तसा उचलू नये, असा इशारा देतात.

सहाशे वारांवरचे हरीण

कीथ यांच्या आयुष्यातील सर्वाधिक गाजलेली घटना .४४ मॅग्नम हाती आल्यानंतरच्या काळातील. सोबतच्या शिकाऱ्याच्या रायफलने एक हरीण जखमी झाले आणि डोंगराच्या उतारावरून दूर निघाले. अंतर सुमारे सहाशे वार, म्हणजे साडेपाचशे मीटर होते. ते निसटणार असे दिसताच कीथ यांनी जमिनीवर अंग टाकून, हात टेकवून रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या. एवढ्या अंतरावर गोळी कित्येक मीटर खाली उतरते, त्यामुळे नेम जनावरावर धरून चालत नाही. पुढची खूण मागच्या खाचेतून किती वर काढायची याचा अंदाज यावा म्हणून ते तिच्यावर सोन्याच्या आडव्या रेघा बसवून घेत. पहिल्या गोळ्या कोठे पडतात हे धुळीवरून पाहत त्यांनी नेम सुधारला. त्यांच्या सांगण्यानुसार त्यांच्या दोन गोळ्या हरणाला लागल्या.

हा प्रसंग छापून येताच अनेक वाचकांनी अविश्वास दाखविला. काहींनी त्यांना थापाड्या ठरविले. पडताळणी करणारे कोणतेही साधन नव्हते. साक्ष होती ती सोबत्यांची. हरीण जखमी होते, निसटले असते तर दिवसचे दिवस यातना भोगत मेले असते, म्हणून ते धाडस केले, एरवी एवढ्या अंतरावरच्या धडधाकट जनावरावर रिव्हॉल्व्हर झाडणे योग्य नाही, ही त्यांची भूमिका होती. वादाच्या गदारोळात ही अट मागे पडली आणि सहाशे वारांचा आकडा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. त्यांची निंदा करणारे आणि त्यांचे अनुकरण करू पाहणारे, दोघांच्याही बाबतीत असेच घडले.

त्यांचा दुसरा गाजलेला वाद जॅक ओ’कॉनर यांच्याशी होता. ओ’कॉनर हे पत्रकारितेचे माजी प्राध्यापक, ‘आउटडोअर लाइफ’चे शस्त्रविषयक संपादक आणि सफाईदार गद्य लिहिणारे लेखक होते. हलकी, वेगवान गोळी नेमक्या जागी लागली की पुरे, असा त्यांचा पक्ष होता आणि .२७० विंचेस्टर ही त्यांची लाडकी रायफल होती. कीथ त्या मापाला लहान जनावरांपुरतेच मोजीत. त्यांचा भर जड आणि जाड गोळीवर असे. कीथ यांचे शालेय शिक्षण अपुरे होते, त्यांच्या हस्तलिखितांतील शुद्धलेखनावर संपादकांना बरीच मेहनत घ्यावी लागे. पण बोलावे तसे ते लिहीत आणि वाचकांना तो आवाज ओळखीचा वाटे. या दोघांच्या वादाने अमेरिकी शिकार-नियतकालिकांची कित्येक वर्षे गाजविली.

डोंगरातून पडद्यावर

१९५५ मध्ये कीथ यांचे ‘सिक्सगन्स’ हे पुस्तक आले आणि रिव्हॉल्व्हरप्रेमींचे ते प्रमाणग्रंथच बनले. १९६४ मध्ये .३५७ आणि .४४ यांच्या मधले .४१ मॅग्नम बाजारात आले. पोलिसांना झेपेल अशी मध्यम शक्ती देण्याचा विचार त्यामागे होता. कीथ यांच्यासह बिल जॉर्डन आणि स्कीटर स्केल्टन यांनी त्याचा आग्रह धरला होता. पोलीस दलांनी ते फारसे स्वीकारले नाही. शिकाऱ्यांमध्ये मात्र त्याचे चाहते निर्माण झाले.

.४४ मॅग्नमच्या वाट्याला वेगळेच भाग्य आले. स्मिथ अँड वेसनच्या या रिव्हॉल्व्हरला १९५७ मध्ये मॉडेल २९ असे नाव मिळाले. चौदा वर्षांनी, १९७१ मध्ये, ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटात क्लिंट ईस्टवूड यांच्या हाती ते दिसले आणि शिकारीशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांनी दुकानांत रांगा लावल्या. जखमी जनावराच्या यातना टाळाव्यात म्हणून ज्या काडतुसाचा ध्यास घेतला गेला, ते शहरी धाकदपटशाचे प्रतीक झाले. दुसरीकडे, ज्या राज्यांत रिव्हॉल्व्हरने मोठी शिकार करण्यास मनाई होती, त्यांतील अनेकांनी पुढे ती नियमांसह खुली केली. तीस वर्षे एका डोंगरी रँचवर चाललेल्या प्रयोगाचे हे दोन्ही परिणाम होते.

डोक्यावर भली मोठी स्टेटसन हॅट, तोंडात चिरूट आणि कमरेला रिव्हॉल्व्हर अशी कीथ यांची ठेंगणी मूर्ती अमेरिकेतील नेमबाजांच्या मेळाव्यांत ठळक उठून दिसे. १९७३ मध्ये उत्कृष्ट अमेरिकी पिस्तूलबाजाच्या सन्मानाचे ते पहिले मानकरी ठरले. १९७९ मध्ये ‘हेल, आय वॉज देअर!’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. आपण जे सांगतो ते स्वतः पाहिलेले आहे, असा ठणकावून दावा करणारे ते शीर्षक जणू सहाशे वारांच्या हरणावर शंका घेणाऱ्यांनाच उद्देशून होते. दोन वर्षांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आगीतून वाचलेल्या, फुटलेल्या रिव्हॉल्व्हरमधून सहीसलामत सुटलेल्या या माणसाचा लिहिता हात थांबला. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी आयडाहोतील बॉइसी येथे वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचा शस्त्रसंग्रह काही काळ बॉइसीत लोकांना पाहण्यासाठी मांडला होता. २०१५ मध्ये त्याचा लिलाव झाला आणि पाच क्रमांकाचे ते रिव्हॉल्व्हरही नव्या मालकाकडे गेले. त्यांनी आखलेली सपाट नाकाची गोळी मात्र आजही हौशी लोक घराच्या पडवीत ओतीत असतात. आणि .४४ मॅग्नमची पुंगळी आजही जुन्या .४४ स्पेशलपेक्षा एक अष्टमांश इंच लांब असते. एखाद्याने नकळत ती जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालून पाहिली, तर ती खणात पूर्ण जात नाही, चक्र फिरत नाही आणि बार उडत नाही.